रोजची देवपूजा, दोघांची नोकरी आणि सासूबाईंचे गुडघे: पूजा कोणी, किती आणि कशी करायची?

मधुमालती_ऐरोली

नमस्कार मंडळी. घर ऐरोलीत. मी ठाण्यात वागळे इस्टेटला जाते, नवरा बेलापूरला. दोघंही पावणेआठला घर सोडतो आणि परत यायला साडेसात-आठ होतात. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. देवपूजा आजवर त्यांनीच केली. आता गुडघ्यांमुळे खाली पाटावर बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही. बाकी तब्येत उत्तम, हात स्थिर, नजर चांगली.

लाकडी देव्हारा जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच आहे. त्यात कुलदेवतांचे पाच चांदीचे टाक, गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, बाण (महादेव म्हणून पुजतात तो गुळगुळीत दगड), शंख, घंटा. समई आणि निरांजन पितळी. त्यांची पद्धत अशी की रोज सगळे देव ताम्हनात घेऊन स्नान, पुसणं, गंध, फुलं, आरती, दूध-साखरेचा नैवेद्य. पाऊण तास लागतो.

घरात कोणी उघड बोललेलं नाही, पण हे आता माझ्याकडे यावं असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. नवऱ्याची श्रद्धा खरी आहे, देवाला हात जोडल्याशिवाय तो चप्पल घालत नाही. पण श्रद्धा त्याची आणि हात माझे, हे वाटप मला पटत नाही. मी नास्तिक नाही, फक्त साग्रसंगीत पूजेत माझं मन लागत नाही. सासूबाईंना मात्र दुखवायचं नाही. त्यांच्या दिवसाला आकार या पूजेनेच येतो हे मला दिसतं.

तर विचारायचं असं की सकाळी दहा-बारा मिनिटांत नीट होईल अशी पूजा कोणती, त्यातलं काय सोडलं तर चालतं, आणि हे घरात कुणाला कसं सोपवायचं? पितळ-चांदीची निगा आणि निर्माल्य याबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

नौपाडा_पुरोहित

ताई, आधी शास्त्रापुरतं सांगतो. नित्यपूजा आणि नैमित्तिक पूजा यांची गल्लत झाली की घरात ओढाताण सुरू होते. सोळा उपचार सणावाराला, व्रताला. रोजच्यासाठी पंचोपचार पुरेसे: गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. हा काही नोकरदारांसाठी काढलेला तोडगा नाही, जुनीच सोय आहे.

क्रम असा ठेवा. स्नान करून धुतलेले कोरडे कपडे. कालचं निर्माल्य काढायचं, देव्हाऱ्यातलं वस्त्र झटकायचं. दिवा लावायचा. शाळिग्राम आणि बाण एवढेच ताम्हनात घेऊन पळीने पाणी घालायचं आणि पुसून जागेवर ठेवायचे. टाक आणि बाकीच्या मूर्ती स्वच्छ ओलसर कापडाने पुसल्या तरी चालतात. गंध, फूल, उदबत्ती, निरांजन ओवाळणं, वाटीभर दूध-साखर, नमस्कार. हात बसला की दहा मिनिटांत होतं. सर्व देवांना स्नान आठवड्यातून एकदा घाला, तुमच्या घरी रविवार सोयीचा दिसतो. पंचामृत फक्त सणाला.

वेळ कुठे जातो तेही बघा. सहाणेवर चंदन उगाळण्यात पाच-सात मिनिटं सहज जातात. रोज अष्टगंध वापरा, उगाळलेलं रविवारी. वाती वळणं, फुलं निवडणं, ताम्हन घासणं ही कामं सकाळची नाहीतच, ती आदल्या रात्रीची. फुलवाती तुपात बुडवून आठवड्याच्या एकदम डबीत भरून ठेवता येतात.

नवा माणूस पूजा करू लागला की कशाला काय वाहायचं यात गोंधळतो आणि मग मोठी माणसं टोकतात. देव्हाऱ्याच्या दाराला आतून एक कागद लावून टाका: शाळिग्रामाला तुळस, अक्षता नाहीत. बाणाला बेल आणि पांढरं फूल, हळदकुंकू नाही, शंखातलं पाणीही नाही. गणपतीला दूर्वा आणि लाल फूल, तुळस नाही. देवीला दूर्वा नाहीत. शंखाला गंध-फूल, घंटेला गंध, अक्षता आणि फूल. याउपर तुमच्या घराण्याची वेगळी रीत असेल तर सासूबाईंना विचारून ती लिहा. तीच धरायची.

आणि एक महत्त्वाचं. पूजा जेवणाआधी व्हावी एवढाच दंडक सामान्य घरात पाळतात. ती साडेसातच्या आतच झाली पाहिजे असं कुठे आहे? घरात दिवसभर एक व्यक्ती आहे, जिचे हात स्थिर आहेत आणि मन पूजेत आहे.

खारघर_समुपदेशक

गुरुजींच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जाते. मधुमालती, तुम्ही जी माहिती दिलीत तीत अडचण दोन ठिकाणी आहे: देव्हाऱ्याची उंची आणि न बोलता झालेलं वाटप. पूजा कोणाकडे द्यायची हे त्यानंतर.

उंचीचं काम एका रविवारी होतं. साध्या खुर्चीची बैठक साधारण १८ इंच उंच असते. खुर्चीवर बसून हात न ताणता पूजा करायची तर देव्हाऱ्याचा तळ २८ ते ३० इंचांवर हवा. एक भक्कम कपाट किंवा सुताराकडून बैठं स्टँड करून घ्या. समोर १२ ते १५ इंच खोलीची फळी ठेवा म्हणजे ताम्हन, तबक, पाण्याचा तांब्या तिथेच राहील. खाली गुडघे आत जातील अशी मोकळी जागा सोडायला सांगा. नाहीतर माणूस वाकडा बसतो आणि आठ दिवसांत कंबर धरते. खुर्ची हात असलेली घ्या, चाकांची अजिबात नको. उठताना हातावर भार देता येतो. हे झालं तर सासूबाई स्वतः दहा वाजता निवांत पूजा करू शकतील. कुठल्याही वयाच्या माणसाकडून त्याचं रोजचं काम काढून घेतलं की त्याला घरातली आपली जागा गेल्यासारखी वाटते. मग ते माणूस भाजीच्या फोडणीवर, फॅनच्या स्पीडवर बोलू लागतं. सूर तक्रारीचा असतो आणि दुखणं दुसरीकडेच.

आता वाटप. कुठल्याही घरकामाचे तीन तुकडे असतात: लक्षात ठेवणं, तयारी करणं, आणि प्रत्यक्ष करणं. बहुतेक घरांत पुरुषाकडे तिसरा तुकडा येतो आणि पहिले दोन बाईकडेच राहतात. तो दहा मिनिटं पूजा करतो, पण फुलं संपली, कापूर संपला, उद्या संकष्टी आहे, वस्त्र धुवायला टाकायचंय हे तिच्या डोक्यात. म्हणून पूजा सोपवायची तर अख्खी सोपवा. तुमच्या नवऱ्याकडे हे यावं: रात्री झोपण्याआधी ताम्हन-तांब्या घासून ठेवणं, तांब्यात पाणी भरणं, समईत तेल, फुलांची खरेदी, वाती-कापूर-उदबत्तीचा साठा, रविवारचं देवांचं स्नान आणि महिन्याची भांडी. यादी त्याच्या फोनवर, आठवणही त्याच्याच फोनवर. संध्याकाळी बेलापूरहून येताना फुलं घेणं त्याला अवघड नाही, ऐरोली स्टेशनबाहेरच्या बाजारात मिळतात.

सोपवताना पहिला आठवडा सासूबाई शेजारी खुर्चीत बसून सांगतील आणि तो करेल. दुसऱ्या आठवड्यात तो एकटा करेल, त्या फक्त बघतील. या पंधरा दिवसांत तुम्ही आजूबाजूला फिरकू नका. फिरकलात की एक दिवस त्याला उशीर होणार, सासूबाईंचं लक्ष तुमच्याकडे जाणार, तुम्ही 'राहू दे, मी करते' म्हणणार आणि तिथून पुढे ते काम कायमचं तुमचं. त्याने पहिल्या दिवशी गणपतीला तुळस वाहिली तरी दुरुस्ती सासूबाईंनी करायची.

एखादा दिवस पूजा झालीच नाही तर काय, हेही आधीच ठरवून ठेवा. दिवा लावून नमस्कार केला की तो दिवस पूर्ण. हे आधी बोललेलं नसेल तर चुकलेल्या दिवशी घरात कोणीतरी अपराधी ठरतं, आणि ते बहुधा सूनच असते.

बोलणं कसं सुरू करायचं? रविवारी जेवणानंतर, तिघं असताना. 'आई, तुम्हाला पूजा चालू ठेवायला आवडेल का, फक्त खुर्चीवर बसून?' असं थेट विचारा. नवऱ्याशी आधी एकट्याने बोलून घ्या. आईसमोर त्याला पहिल्यांदा हे ऐकावं लागलं तर तो आईच्या बाजूला जाऊन बसेल. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, अचानक दोघींपैकी एक निवडायची वेळ आली की बहुतेक मुलगे तेच करतात.

कळव्याचा_तांबट

निगेचं मी सांगतो, कारण इथे चांगल्या हेतूने देव खराब होतात.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्याकडच्या दमट हवेत, हाताच्या घामाने, तेलाच्या वाफेने ते काळवंडणारच. चिंच, लिंबू, पितांबरी, सगळ्यांतलं आम्ल तो थर काढतं. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवायची, कोळात चमचाभर मीठ, मऊ कापडाने चोळायचं. चूक होते ती यानंतर. मीठ आणि आम्ल कोरीव भागात राहून गेलं तर आठवड्यात हिरवट डाग येतात आणि लोक म्हणतात पितळ हलकं होतं. दोनदा साध्या पाण्याने धुवा, लगेच कोरड्या सुती कापडाने पुसा, दहा मिनिटं उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली. मूर्ती महिन्यातून एकदाच घासायच्या आणि तारेची घासणी घरातल्या देवांजवळ येऊच द्यायची नाही. जुन्या बाळकृष्णांचे नाक-डोळे झिजलेले दिसतात ते रोजच्या घासण्यामुळे.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. साध्या भरीव चांदीच्या वाटीला सोपा उपाय: भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर एक लिटर कडकडीत पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, एक लहान चमचा मीठ. वाटी फॉइलला टेकली पाहिजे, नाहीतर काहीच होत नाही. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा जातो. टूथपेस्टने चमक येते पण चांदी घासली जाते.

टाकांना मात्र हे करू नका. टाकाचा पुढचा भाग चांदीचा पातळ पत्रा असतो आणि मागे बहुधा तांब्याचा. भिजवला की मधे पाणी शिरतं, ते सुकत नाही आणि कडेने हिरवं येतं. काही जुन्या टाकांत पोकळीत लाख भरलेली असते, ती गरम पाण्याने सुटते. ओलसर कापडावर चिमूटभर चाळलेली विभूती घेऊन हलक्या हाताने पुसा, मग कोरडं कापड. रात्रभर ओलं गंध किंवा कुंकू टाकावर राहू देऊ नका. गुरुजी टाक रोज पुसायला सांगतात ते धातूच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

पंचामृत तांब्या-पितळेच्या भांड्यात कालवू नका. दह्याने कळकतं आणि तेच तीर्थ म्हणून प्यायचं असतं. चांदी किंवा स्टील वापरा. पंचामृतानंतर मूर्ती कोमट पाण्याने लगेच धुवायच्या. दूध-मध खाचेत राहिलं की वास येतो आणि मुंग्या लागतात.

दिव्याचं: समईखालची थाळी तेलाने भरते ते समई गळते म्हणून नव्हे. वात चोचीबाहेर लोंबली की ती तेल ओढून बाहेर ठिबकत राहते. वात चोचीच्या कडेला, ज्योतीचं टोक चार-पाच मिलिमीटरच बाहेर. जास्त बाहेर काढली की काजळी धरते. निरांजनाच्या ज्योतीवर देव्हाऱ्याचं लाकूड किमान दीड फूट दूर असावं. प्लायचा देव्हारा असेल तर वर स्टीलचा किंवा पितळेचा पत्रा ठोका. पडदा दोन फुटांच्या आत नको. देव्हारा उंचावणार असाल तर एक नीट लक्षात घ्या: ज्योत आता छातीच्या उंचीला येते आणि साडीचा पदर त्याच उंचीला असतो. निरांजन नेहमी डाव्या-उजव्या कोपऱ्यात, मधे नको. त्याच्यापलीकडची वस्तू घ्यायला हात ज्योतीवरून जाता कामा नये. सासूबाई एकट्या असताना सुती साडी, पदर खोचलेला, काडेपेटीऐवजी लांब दांड्याचा लायटर. निरांजनात पाच मिलि तूप, म्हणजे एक लहान चमचा घातला तर वातीच्या जाडीप्रमाणे ते अर्ध्या तासाच्या आसपास जळून आपोआप शांत होतं. एकट्या माणसासाठी तेवढंच घालावं.

तुळशीकट्टा

फुलं आणि निर्माल्य. रोज फुलं आणायची गरज नाही. शेवंती आणि झेंडू ओलसर सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये चार दिवस टिकतात. दूर्वा धुवून पाणी पूर्ण निथळल्यावरच डब्यात घाला, ओल्या ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतात. मोगरा आणि जास्वंद त्या दिवसाचीच. तुळस आणि बेल शिळे मानत नाहीत, तेव्हा बेल धुवून पुन्हा वाहिला तरी चालतो. ठाण्याला उतरणं होतच असेल तर जांभळी नाक्याच्या बाजारात फुलं चांगली आणि ताजी मिळतात.

निर्माल्य खाडीत किंवा तलावात टाकू नका. पाण्यात फुलं कुजताना प्राणवायू खेचतात आणि मासे मरतात. तलावपाळीला, विसर्जन घाटांवर निर्माल्य कलश असतात. घरच्या घरी करायचं तर २० लिटरची बादली, बुडाला आणि कडेला दहा-बारा भोकं, तळाशी दोन इंच नारळाच्या शेंड्या. एक भाग निर्माल्याला दोन भाग सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट, आठवड्यातून दोनदा ढवळणं. त्याआधी हाराचा दोरा, जरी, प्लास्टिक काढून टाका. वास आला तर ओल जास्त झाली आहे, सुकं घाला. काहीच होत नसेल तर कोरडं पडलंय, पाण्याचा शिपका मारा. साधारण दोन ते तीन महिन्यांत खत होतं आणि तुळशीला चालतं.

फुलांवर कोरडं कुंकू फार टाकू नका. बाजारच्या कुंकवात रंग असतात आणि ते खतात उतरतात.

मधुमालती_ऐरोली

सगळ्यांचे आभार. देव्हाऱ्याची उंची हा विचारच आला नव्हता. सुताराला फोन केलाय आणि नवऱ्याशीही बोलणं झालं, तो रात्रीची तयारी आणि रविवार घ्यायला तयार आहे.

दोन शंका उरतात. नवरात्रात घट बसतात आणि अखंड दिवा असतो, तेव्हा दुपारी घरात फक्त सासूबाई. दुसरं, माझ्या पाळीचे चार दिवस मी पूजेला हात लावू नये असं त्या मानतात. आजवर त्या पूजा करत होत्या म्हणून प्रश्न आला नाही. आता त्या आजारी पडल्या आणि नवरा दौऱ्यावर असला तर?

खारघर_समुपदेशक

दुसऱ्या शंकेवर माझं मत स्पष्ट आहे. पाळायचं की नाही हा निर्णय तुमच्या शरीराचा आहे, म्हणून तो तुमचा. तरी ७४ वर्षांच्या बाईशी या मुद्द्यावर जिंकण्यात हशील नाही. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी येऊन दिवा लावला तरी चालेल का, हे सासूबाईंनाच आज विचारा. ऐन वेळी विचारलं की उत्तर भीतीतून येतं.

नौपाडा_पुरोहित

ती शंका आली म्हणूनच पूजा घरातल्या प्रत्येकाला आली पाहिजे, मुलाला तर आलीच पाहिजे. आणि कोणीच नसेल तर मानसपूजा आहे: बसल्या जागी डोळे मिटून तेच उपचार मनाने अर्पण करायचे. सासूबाई अंथरुणावरूनही ती करू शकतात. याला कमी प्रतीचं कोणी मानत नाही. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संतांच्या मांदियाळीत बसवलं. ताई, तुमचं मन साग्रसंगीत पूजेत लागत नाही याचं ओझं बाळगू नका. घरात एकाने पूजा केली की ती सगळ्या घराची होते.

अखंड दिव्याचं सांगतो. वात बारीक ठेवली तर चोवीस तासांना साधारण १५० ते २०० मिलि तेल लागतं, पण समईप्रमाणे फरक पडतो. घटस्थापनेच्या आठ दिवस आधी, सुट्टीच्या दिवशी त्याच समईत त्याच वातीने मोजून पाहा. लांब वात घ्या, ती तेलात गुंडाळून बसवा आणि पुढे सरकवत जा, म्हणजे मधे बदलावी लागत नाही. काजळी झाडायची वेळ आली तर आधी शेजारी दुसरं निरांजन त्याच ज्योतीने पेटवायचं, मग समईची वात सारखी करायची. असं केलं तर दिवा शांत झाला म्हणून कोणी घाबरत नाही. तेल सकाळी साडेसातला आणि रात्री, दोन्ही वेळा मुलाने घालायचं. दुपारी सासूबाईंनी फक्त बघायचं. दिव्याभोवती काचेची चिमणी आणि खाली पसरट परात, म्हणजे वाऱ्याचीही काळजी नाही.

घटाखालची माती भिजवताना पाणी बेताने घाला, रोज दोन-तीन पळ्या. जास्त झालं की धान्य उगवण्याआधी कुजतं. परातीत माती घालण्याआधी पत्रावळ अंथरली तर पितळही खराब होत नाही. धान्य आदल्या रात्री भिजत घालायचं काम सासूबाईंकडे ठेवा.